डावीकडची सीट

"मोठं ग्राफिक्स कार्ड घ्यायला माझी ना नाही हो ताई, पण ते या पेटीत मावायला नको?" असं म्हणत दुकानदाराने कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा काढला आणि आत फूटपट्टी घातली. "हे बघा, इथे डिस्कचा पिंजरा आडवा येतोय. लांब कार्ड घेतलंत तर पिंजरा कापावा लागेल. हात दाखवून अवलक्षण."

ठिपकेबाईने वाकून आत पाहिलं. पंख्याच्या पात्यांवर इतकी धूळ साचली होती की तिच्यात एखादी छोटी उशी भरून झाली असती. हा कॉम्प्युटर तिच्या धाकट्या भावाने कॉलेजात असताना गेम खेळायला एकेक भाग जमवून उभा केला होता. पुढे भाऊ नोकरीसाठी दूर गेला, आणि कॉम्प्युटर, त्याला जोडायचं स्टिअरिंग आणि पायाखालची पेडलं एवढा संसार घरी राहिला.

"मुलासाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"वडलांसाठी."

फूटपट्टी जागच्या जागी थांबली. "वडील गेम खेळतात?"

"ट्रक चालवतात. गेममधला. आधी खरा चालवायचे."

"मग सोडला का?"

"डोळ्यांमुळे," ती म्हणाली, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत तिने कॉम्प्युटरमधल्या एका वायरला बोट लावलं. "ही कशाची?"

दुकानदार भला माणूस होता. त्याने वायरीबद्दल सगळं सांगितलं. हा पॉवर सप्लाय जुना, नव्या कार्डाचा भार याला झेपायचा नाही. म्हणजे आधी तो बदला. मेमरी दुप्पट करा. फिरती डिस्क काढून बिनआवाजाची घाला, गेम पटकन उघडेल. कार्ड मधल्या दर्जाचं घ्या, पण आखूड. भावाने फोनवर सांगितलेलंही जवळजवळ असंच होतं. तिने स्वतः गेले काही आठवडे जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर हेच वाचून डोकं पिकवून घेतलं होतं. तिच्या बरोबरच्या बायका साड्या बघायच्या आणि ही पंखे बघायची.

सगळं ठरलं तेव्हा दुकानदाराने तिने सोबत आणलेल्या जुन्या चौकोनी स्क्रीनवर हात ठेवला. "राग मानू नका, पण एवढं सगळं करून हाच लावणार? नव्या कार्डापुढे हा डबा म्हणजे घोड्याच्या डोळ्यांना झापडं. तो रुंद बघा, भिंतीवरचा. दोन्ही आरसे दिसतील, अख्खी काच दिसेल. वडलांना वाटेल, खऱ्या केबिनमध्येच बसलोय."

तिने भिंतीकडे पाहिलं. रुंद, किंचित आत वळलेला स्क्रीन होता आणि त्यावर कुठलातरी डोंगर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरला होता. अपराधी मनाचं एक वाईट असतं, त्याला पुरे म्हणता येत नाही.

"तोही द्या," ती म्हणाली.

*

ठिपकेबाई हे नाव तिला दवाखान्यातल्या पेशंटांनी दिलं होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात तिच्याकडे नजरेचा घेर मोजायचं यंत्र होतं. पांढऱ्या वाटीसारख्या त्या यंत्रात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही, आणि आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. जिथे ठिपका येऊन जातो आणि बटण वाजत नाही, तिथली नजर गेलेली. काचबिंदू असाच येतो. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. माणसाला त्या जागी काळंसुद्धा दिसत नाही. तिथे काही नाहीच, असंच त्याला वाटतं.

लायसन्सच्या नूतनीकरणाला डोळ्यांचा दाखला लागतो म्हणून तिचे वडील, अप्पा, आले, तेव्हा तेही त्या वाटीत हनुवटी टेकवून बसले. आयुष्यभर ट्रक हाकलेला माणूस. त्यांनी ते बटण हॉर्नसारखं धरलं होतं. उजवीकडे ठिपका आला की टक्. वर आला की टक्. डावीकडे ठिपके येत होते आणि जात होते आणि अप्पांचा अंगठा शांत होता. ती पडद्याआड बसून त्या अंगठ्याकडे बघत होती. दाबा हो अप्पा, दाबा, असं तिचं मन म्हणत होतं. दुसऱ्या डोळ्याचीही तीच गत. दोन्ही डोळ्यांनी मिळून डावी बाजू सोडून दिली होती.

"झालं? पास ना?" अप्पांनी विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

आता खरी गोम इथे होती. दवाखान्याची रीतच अशी की या यंत्रावर नवख्या माणसाची पहिली तपासणी धरायची नाही. माणूस बिचकलेला असतो, दमतो, त्याला बटणाचा अंदाज नसतो. ठिपकेबाई सगळ्यांना सांगायची, "घाबरू नका, आठवड्याने परत या, आपण पुन्हा करू, दुसरी धरू." हजारो लोकांना तिने हे सांगितलं असेल. अप्पांना सांगितलं नाही. त्यांची पहिलीच तपासणी तिने डॉक्टरांपुढे ठेवली, कारण महिनाभरापूर्वीच तिने त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप त्यांच्या कोपराने उडताना पाहिला होता, आणि दाराच्या चौकटीला आपटलेला डावा खांदा पाहिला होता. दुसऱ्या तपासणीला त्यांनी डोळे फिरवून ठिपके शोधले असते आणि कसेबसे निभावून नेले असते, ही भीती तिला होती. म्हणून तिने परक्या माणसाला दिलेली सवलत बापाला दिली नाही.

तिचं काही चुकलं होतं का? डॉक्टर म्हणाले, नाही. आई म्हणाली, बरंच झालं, घरी तरी राहतील. पण लायसन्स गेलं त्या संध्याकाळी अप्पांनी ट्रकची किल्ली मालकाकडे नेऊन दिली आणि घरी येऊन पायातल्या चपलांकडे बराच वेळ बघत बसले, ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. अप्पा तिला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. ते म्हणाले, "त्या यंत्राचं बटण अडकत होतं." येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगायचे. तिनेही ते कधी खोडून काढलं नाही. अप्पा डोळ्यात थेंब टाकून घेत, पण पुन्हा त्या यंत्रापुढे बसायला मात्र साफ नकार. "दुरुस्त करून आणा आधी," म्हणायचे. उरलेली नजर टिकतेय की तीही चाललीय हे मोजायला दुसरी तपासणी हवीच होती. पण ती कुठल्या तोंडाने आग्रह करणार?

मग भावाने फोनवरून तो ट्रकचा गेम लावून दिला आणि अप्पांना जरा जीव आला. सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, कामावर निघाल्यासारखे ते स्टिअरिंगपुढे बसत. "सवत बसली का चालू होऊन?" आई स्वयंपाकघरातून विचारायची. "बसली. माल भरतोय," अप्पा म्हणायचे. गाडी छान चालवायचे. फक्त वर्दळीच्या शहरात शिरलं की म्हातारा कॉम्प्युटर धापा टाकायचा, चित्र जागच्या जागी थिजायचं, आणि हलायचं तेव्हा ट्रक कशाला तरी धडकलेला असायचा. "अडकलं बघ!" अप्पा ओरडायचे. "मी ब्रेक मारला होता. हे अडकतं!"

ते खरंच अडकत होतं. हे एक यंत्र तरी आपण बापाला नीट करून देऊ, असं ठिपकेबाईने ठरवलं होतं.

*

दुकानदाराने सगळं बसवून दिलं. सुट्टीचा दिवस होता, रिक्षातून पेटी मांडीवर आणि स्क्रीनचं खोकं पायाशी घेऊन ती घरी आली. दुपार व्हायच्या आत सगळ्या वायरी जागेवर गेल्या. रुंद स्क्रीन टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आला, तशी आईने टेबलावरची औषधांची टोपली मुकाट्याने हलवली.

"सवत न्हाऊनमाखून आली की गं," आई म्हणाली. "आणि अंगानेही सुटलीय."

अप्पा हसले नाहीत. ते स्क्रीनला हात न लावता त्याच्याकडे बघत होते. "एवढं कशाला केलंस, बाळ," ते म्हणाले, आणि पटकन खुर्चीत बसले.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर गेम उघडला. काचेवर धुळीचे ठिपके, बाजूला झाडांची रांग, दूरवर पूल. अप्पांनी गिअर टाकला. ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा निघाला. "अरे वा!" अप्पा म्हणाले. "अरे वा वा!" पंख्याचा आवाजसुद्धा नव्हता. ठिपकेबाई त्यांच्या मागे उभी राहून त्यांच्या खांद्यांकडे बघत होती. लायसन्स गेल्यापासून ते खांदे असे रुंद झालेले तिने पाहिले नव्हते. चला, तिच्या मनात आलं, थोडं तरी फिटलं.

शहर आलं. चौकात अप्पांनी डावीकडे वळायला स्टिअरिंग फिरवलं. डाव्या हाताला एक छोटी पिवळी गाडी चांगली मघापासून समांतर चालली होती. ठिपकेबाईला ती दिसत होती. दारात उभ्या असलेल्या आईलाही दिसत होती. ट्रक सरळ तिच्यावर गेला.

धडाम असा आवाज झाला.

"अडकलं ब—" अप्पा म्हणाले आणि मधेच थांबले. कारण काहीच अडकलं नव्हतं. पादचारी चालत होते, सिग्नलचे दिवे बदलत होते, पिवळी गाडी ट्रकच्या चाकाखाली आडवी होऊन तिचं एक चाक गरगर फिरत होतं. "ही कुठून आली?"

"आली असेल अचानक," ठिपकेबाई म्हणाली.

त्यांनी गाडी मागे घेतली आणि पुन्हा निघाले. या वेळी गोदामाच्या आवारात ट्रक मागे लावायचा होता. हे त्यांचं खास कौशल्य. पूर्वी मालकाच्या बाकीच्या ड्रायव्हरांना अवघड गोदामात गाडी लावता आली नाही की अप्पांना बोलावणं यायचं. त्यांनी उजवा आरसा पाहिला, मान जरा तिरकी केली, आणि ट्रक सावकाश, अगदी सुबक मागे जाऊन डावीकडच्या खांबावर चढला.

ठिपकेबाईला एकदम सगळं कळलं, आणि कुणी न सांगता कळायला हवं होतं ते आधी कसं कळलं नाही याचीच तिला लाज वाटली. जुना स्क्रीन छोटा होता. त्याच्या मध्यावर डोळे लावले की तो सगळाच्या सगळा अप्पांच्या उरलेल्या नजरेत मावत होता. नव्याची डावी कड बरोबर तिथे गेली होती जिथे त्या दिवशी बटण वाजलं नव्हतं. रोज उठून लोकांच्या नजरेचे घेर मोजणारी बाई, आणि तिने स्वतःच्या बापासाठी स्क्रीन निवडताना फक्त त्याची रुंदी पाहिली.

"अडकलं, अप्पा," ती म्हणाली. "मी पाहिलं ना. मधेच अडकलं. दुकानदाराने काहीतरी सैल ठेवलंय. मी उद्याच जाते. तोवर जुना स्क्रीन लावू."

अप्पांनी मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं. "लहानपणापासून खोटं बोलताना तुझं बोट नाकाला जातं," ते म्हणाले.

बोट नाकालाच होतं. तिने ते खाली घेतलं.

"इकडे ये. माझ्या डाव्या बाजूला उभी राहा." त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि नजर स्क्रीनच्या मध्यावर लावली. "आता बोट मागून पुढे आण. सावकाश. दिसलं की सांगतो."

"अप्पा, असं घरी नसतं करायचं."

"आण."

तिने तर्जनी त्यांच्या कानाशी धरली आणि पुढे न्यायला लागली. अप्पांची पापणी हलत नव्हती. बोट डोळ्याच्या कोपऱ्याजवळ आलं. कुणीही चांगल्या नजरेचा माणूस इथे हो म्हणतो. बोट पुढे गेलं. स्क्रीनच्या डाव्या कडेच्या पुढे गेलं, डाव्या आरशाच्या पुढे गेलं, खांबाच्या पुढे गेलं. दारातली आई पदर तोंडाशी धरून उभी होती. इतके दिवस जे यंत्रावरच्या आकड्यांत पाहिलं होतं ते ठिपकेबाई आता स्वतःच्या हाताने मोजत होती, आणि हो म्हणा, हो म्हणा, असं पुन्हा तिचं मन म्हणत होतं.

"आता," अप्पा म्हणाले.

जुन्या स्क्रीनची डावी कड जिथे असायची, तिथवर बोट आलं होतं.

अप्पांनी हात लांब करून ते बोट मुठीत धरलं. "त्या दिवशी बटण चांगलं होतं," ते म्हणाले.

ठिपकेबाईला रडू फुटलं. "मी पुन्हा करायला हवी होती तपासणी. सगळ्यांची करते. तुमची केली नाही. जुना स्क्रीन लावू या ना अप्पा, त्यात तुम्हाला सगळं दिसत होतं. माझीच अक्कल गहाण पडली."

"त्या डब्यात रस्ताच अर्धा होता, म्हणून दिसत होता. खरा रस्ता एवढाच असतो." त्यांनी रुंद स्क्रीनकडे हनुवटी केली. "तू पुन्हा केली असतीस तर मी डोळे फिरवून पास झालो असतो. आणि आणखी वर्षभर..." ते खांबाकडे बघत राहिले. बघायला त्यांना मान वळवावी लागली. "शेवटचं वर्षभर चालवली, त्याचं काय, ते कुणाला विचारू? माझ्या डाव्या हाताने कोणकोण गेलं असेल, मला काय ठाऊक?"

आई हळूच म्हणाली, "भोंगाभावजी होते की बाजूला."

भोंगा हे नाव या घरात घ्यायचं नाही असा नियम होता. भोंगा अप्पांचा क्लीनर. दोघांनी मिळून उभं आयुष्य एका केबिनमध्ये काढलेलं. दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल असा त्याचा आवाज. गाडी मागे घेताना तो डावीकडून ओरडायचा आणि दारावर थाप मारायचा: दोन थापा म्हणजे चला, एक म्हणजे थांब. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका फाटकाच्या खांबाला ट्रकची डावी बाजू पार सोलून निघाली. सगळ्या हमालांसमोर अप्पा त्याला म्हणाले होते, "झोपला होतास का?" भोंगा खाली उतरला. "इतकी वर्षं माझा आवाज पोचत होता," म्हणाला, "आता पोचत नसेल तर मी बसून काय करू?" त्यानंतर तो ट्रकमध्ये चढला नाही आणि घराची पायरीही चढला नाही.

अप्पा खुर्चीतून उठले. त्यांना धरायला ठिपकेबाई पुढे झाली, पण त्यांना आधार नको होता. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि टेबलाच्या डाव्या टोकाला, भिंतीला चिकटून ठेवलं. त्यावर ते बसले आणि थोडे उजवीकडे वळले. अख्खा स्क्रीन आता त्यांच्या उजव्या हाताला होता.

"इथून सगळं दिसतंय," ते म्हणाले. "बस तिथे. धर स्टिअरिंग."

"मला नाही येत, अप्पा."

"मला तरी कुठे येतंय? बस."

ती डोळे पुसून बसली. पेडलं शोधली. त्यांनी सांगितलं तसा गिअर टाकला, ट्रक खांबावरून उतरवून पुढे घेतला आणि सरळ केला. मग मागचा गिअर. "आता घे मागे," अप्पा म्हणाले. "सावकाश. येऊ दे. येऊ दे. थोडं उजवीकडे काप. बास. येऊ दे. येऊ दे..." त्यांचा आवाज चढत गेला, शेवटचा शब्द लांबवायला लागला, आणि आईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तो आवाज अप्पांचा नव्हता. दोन गल्ल्या पलीकडून ओळखू यावा असा होता.

थाड्! अप्पांनी टेबलावर एक थाप मारली.

ठिपकेबाईचा पाय ब्रेकवर गेला. ट्रक आणि खांब यांच्यामध्ये वीतभर जागा उरली होती. अप्पांचा हात टेबलावर तसाच होता, पंजा पसरलेला.

"अशीच मारायचा," ते म्हणाले. "त्या दिवशीही मारली होती. मला ऐकू आली होती. पण मला तिकडे काहीच दिसेना, म्हणून मी म्हटलं, याला भास झाला असेल."

त्यांनी पंजा उचलून मांडीवर ठेवला.

"कुठे असतो आता तो?" अप्पांनी विचारलं.

"त्या मोठ्या पार्किंगला," आई म्हणाली. "गाड्या लावून देतो लोकांच्या. त्यांची बायको भेटते मला अधूनमधून." नियम आपल्यालाही होता हे ती विसरून गेली होती.

अप्पांनी मान हलवली. मग ते ठिपकेबाईला म्हणाले, "तुझ्या ठिपक्यांचं यंत्र कधी मोकळं असतं?"

"तुम्ही याल तेव्हा."

"उद्या येतो. नवखा म्हणून सूट द्यायची नाही." ते पुन्हा स्क्रीनकडे वळले. खांब तिथेच होता. ट्रक तिथेच होता. ठिपकेबाई स्टिअरिंग धरून वाट बघत होती. चित्र थिजलेलं नव्हतं, फक्त सगळे थांबले होते.

अप्पांनी डाव्या काठावरून एकदा सगळीकडे नीट पाहून घेतलं. मग टेबलावर दोन थापा मारल्या.